दिव्यांगांच्या सेवा सुधारून घ्यायच्या आहेत? सुरुवात ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकापासून करा

दिव्यांगांसाठी महाराष्ट्रात कायदा नाही किंवा खातं नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. पुण्यात आयुक्तालय आहे, प्रत्येक जिल्हा परिषदेत समाजकल्याण विभाग आहे. एवढं असूनही तालुक्याच्या गावातली आई मुलाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याला हेलपाटे घालते आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवरून एखाद्याला उचलून न्यावं लागतं. मंत्रालयातून निघालेला कागद गावात पोचेपर्यंत कुठे अडतो, ते शोधून तिथे बोट ठेवण्याचं काम कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. हा लेख ते काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे: दिव्यांग व्यक्ती, पालक, गावातले तरुण कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, कुणीही.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक जण वरून सुरुवात करतात. मुख्यमंत्र्यांना पत्र, आमदारांना निवेदन, मग एक मोर्चा. त्यातून बातमी होते आणि फार तर दोघाचौघांचं काम होतं. सेवा बदलते ती खालून, कारण खालच्या कार्यालयाचा पैसा, त्याची यादी आणि त्याचा ठराव या तिन्ही गोष्टी तुमच्या हाताला लागतात. मंत्रालयाची फाईल लागत नाही.

पहिलं काम: यादी

"आमच्या गावात दिव्यांग फारसे नाहीत" हे वाक्य ग्रामपंचायतीत हमखास ऐकायला मिळतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि तेव्हा आठच प्रकार विचारले होते. आताच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्याने आलेलं दिव्यांगत्व, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक असे सगळे येतात. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची कितीतरी घरं अशी आहेत की आपण या कायद्यात बसतो हेच त्यांना ठाऊक नाही.

म्हणून आधी स्वतःची यादी करा. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना कोणत्या घरात कोण आहे हे नेमकं माहीत असतं, त्यांना सोबत घ्या. साध्या वहीत रकाने आखा: नाव, वय, प्रकार, प्रमाणपत्र आहे का, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आहे का, टक्केवारी किती, पेन्शन सुरू आहे का, शाळेत किंवा कामावर जाते का, साधन काय आहे आणि ते चालू स्थितीत आहे का. हा शेवटचा रकाना विसरू नका. वाटपात मिळालेल्या तीनचाकी सायकली टायर फुटला म्हणून गोठ्यात पडून असतात आणि सरकारी आकड्यात त्यांची नोंद "लाभ दिला" अशी असते.

प्रत्येकाला एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारा: "रोजच्या जगण्यातली कोणती एक अडचण सुटली तर सगळ्यात जास्त फरक पडेल?" योजनेचं नाव घेऊन विचारू नका, नाहीतर सगळे पेन्शन म्हणतील. असं विचारलं की खरी उत्तरं येतात. संडास घरापासून लांब आहे. श्रवणयंत्राची बॅटरी इथे मिळत नाही. मुलीला एकटीला शाळेत सोडता येत नाही. वडिलांनंतर याचं कोण बघणार?

मतिमंद मुली, मानसिक आजार असलेल्या बायका आणि अंथरुणाला खिळलेले लोक बहुतेक याद्यांमधून सुटतात, कारण घरचे सांगत नाहीत. तिथे बाईमाणसानेच जावं आणि घाई करू नये. नाव नोंदवायला परवानगी विचारा. नको म्हटलं तर संख्या मोजा, नाव लिहू नका. ही वही गावभर फिरवायची नसते, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तिचे फोटो अजिबात टाकायचे नाहीत.

प्रमाणपत्र: एकेकटे जाऊ नका

यूडीआयडी कार्ड हा बाकी सगळ्याचा दरवाजा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात होते. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. आरक्षण, पेन्शन अशा बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट असते, त्यालाच कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व म्हटलंय. २०२४ मध्ये नियम बदलले आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्याची तीन महिने झाली. पोर्टलवर भरलेला अर्ज तपासणीला न जाता तसाच सोडला तर दोन वर्षांनी तो निष्क्रिय होतो, हेही ध्यानात ठेवा. सायबर कॅफेवाल्याने "झालं तुमचं" म्हणून पावती हातात दिली म्हणजे काम झालं असं नाही.

हाडाचे डॉक्टर बहुतेक जिल्हा रुग्णालयांत असतात. खरी अडचण ऐकण्याची तपासणी, मानसोपचार आणि बौद्धिक चाचणी यांत येते. तज्ज्ञ नाही, यंत्र बंद आहे, मग "पुण्याला जा", "मुंबईला जा". एकटा माणूस हे ऐकून परत येतो. इथे यादी उपयोगी पडते. ती प्रकारानुसार लावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी द्या: आमच्या तालुक्यात कर्णबधिरत्वाच्या तपासणीसाठी इतके, बौद्धिक चाचणीसाठी इतके, मानसिक आजारासाठी इतके लोक थांबले आहेत, तरी ग्रामीण रुग्णालयात त्या त्या तज्ज्ञांसह शिबिर घ्यावं. अशा पत्राला नाही म्हणणं अवघड जातं, कारण आकडा लिहिलेला असतो. नुसत्या "शिबिर घ्या" या मागणीवर शिबिर होतं खरं, पण त्यात हाडाचे डॉक्टर येतात आणि बाकीचे लोक दिवसभर बसून परत जातात.

टक्केवारी कमी लावली असं वाटत असेल तर कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येतं. अपिलासोबत जुने तपासणी अहवाल जोडा. आणि एजंटांपासून लांब राहा. खोटं प्रमाणपत्र काढून लाभ घेणं हा याच कायद्याच्या ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होणारा गुन्हा आहे. प्रत्येक खोट्या प्रमाणपत्रामुळे दहा खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिलं जातं, हे मोठं नुकसान वेगळंच.

पाच टक्के

आता मुख्य गोष्ट. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायची आहे. आधी हे प्रमाण तीन टक्के होतं, २०१८ मध्ये शासन निर्णयांनी ते पाच केलं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार लिलाव यातून आलेला पैसा. वित्त आयोगाचं अनुदान यात धरत नाहीत. समजा एखाद्या ग्रामपंचायतीची वर्षाची वसुली बारा लाख आहे, तर साठ हजार रुपये दिव्यांगांचे. हायवेलगतच्या, एमआयडीसीलगतच्या किंवा पर्यटनाच्या गावात ही रक्कम काही लाखांत जाते. नगरपरिषदेत आणखी मोठी.

हा पैसा अडतो कसा, ते आधी समजून घ्या. पहिली पळवाट: "वसुलीच नाही." उत्तर सोपं आहे. तीन लाख वसूल झाले असतील तर पंधरा हजार द्या, शून्य कसं होईल? दुसरी: "यादी नाही." ती तुम्ही केलीच आहे, सही-शिक्क्यासाठी पुढे ठेवा. तिसरी पळवाट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिसते. घाईघाईने एकाच दुकानातून सगळ्यांना सारखी वस्तू घेतली जाते. अंध माणसालाही तीच, बहिऱ्यालाही तीच. फोटो निघतात, निधी खर्ची पडतो.

चौथी जरा अवघड आहे, कारण ती आपल्याच लोकांना आवडते: रक्कम सगळ्यांत सारखी वाटून खात्यावर टाकणं. साठ हजार, चाळीस माणसं, प्रत्येकी दीड हजार. ज्याच्या घरात काहीच नाही त्याला दीड हजार मोठे असतात आणि त्याला नको म्हणायचा अधिकार मला नाही. पण दरवर्षी हेच होत राहिलं तर ग्रामपंचायतीच्या दारात रॅम्प कधीच होत नाही, बंद पडलेली साधनं दुरुस्त होत नाहीत आणि फिजिओथेरपीला तालुक्याला जायचं भाडं कुणी देत नाही. शासन निर्णयात वैयक्तिक आणि सामूहिक अशा दोन्ही प्रकारच्या बाबी आहेत. दोन्हींची यादी त्यातून काढून घ्या आणि गावातल्या दिव्यांगांची वेगळी बैठक लावून किती पैसा कशाला जावा हे त्यांनाच ठरवू द्या. सरपंचांनी नाही, तुम्हीही नाही.

हिशेब मागायचा तो माहितीच्या अधिकारात. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडे. आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. एवढंच विचारा:

१. मागील तीन आर्थिक वर्षांत ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षनिहाय किती? जमाखर्चाच्या विवरणाची, म्हणजे नमुना ३ ची प्रत.
२. त्यापैकी दिव्यांग कल्याणासाठी तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती? अंदाजपत्रकाच्या, म्हणजे नमुना १ च्या संबंधित पानांची प्रत.
३. या खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर) आणि मंजुरीच्या ठरावांच्या प्रती.
४. ग्रामपंचायतीकडे नोंद असलेल्या दिव्यांगांची प्रकारनिहाय संख्या.

लाभार्थ्यांची नावं मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज तिथेच अडतो, आणि नावांची तुम्हाला गरजही नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. बऱ्याच गावांत एवढ्यानेच हालचाल होते. माहिती हातात पडायच्या आधीच ग्रामसेवकाचा फोन येतो, "काय करायचं ते बसून ठरवू." बसा. चहाही घ्या. अर्ज मागे मात्र घेऊ नका.

ग्रामसभेत ठराव

साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा सगळ्यांच्या लक्षात असतात. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते, म्हणून तुमच्या कामाची सभा २ ऑक्टोबरची. जानेवारीत गेलात तर "आता पुढच्या वर्षी बघू" ऐकावं लागेल.

विषय आयत्या वेळी मांडू नका. सभेच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेत घ्यायला सांगा आणि पोच घ्या. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढे लोक लागतात. कितीतरी गावांत सभा याच मुद्द्यावर तहकूब होते. वीस दिव्यांग आणि त्यांच्या घरचे दोन-दोन जण आले तरी निम्मी गणपूर्ती तुमचीच झाली. हे गणित सरपंचांनाही कळतं.

सभा पायऱ्यांवरच्या हॉलमध्ये असेल तर ती खाली पटांगणात घ्यायची लेखी मागणी करा. गावात कर्णबधिर माणसं असतील तर खुणांची भाषा येणाऱ्या शिक्षकाला बोलवा. गोव्यात २०२३ पासून पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, तिथे मंचावरचं सगळं खुणांच्या भाषेत सोबतच सांगितलं जातं. त्या खर्चाशी आपल्या ग्रामसभेची बरोबरी होणार नाही हे खरं. पण तालुक्याच्या कर्णबधिर शाळेतल्या एका शिक्षकाला दोन तास आणायला फारसा खर्च येत नाही.

ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. मोघम ठराव होऊ द्यायचा नाही. असा काहीसा:

"पुढील आर्थिक वर्षाच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवावी. मागील वर्षांतील अखर्चित रक्कम त्यात मिळवावी. खर्चाचे प्राधान्यक्रम गावातील दिव्यांग व्यक्तींच्या बैठकीत ठरवावेत. निधीचा पहिला हप्ता सप्टेंबरअखेर आणि संपूर्ण निधी जानेवारीअखेर खर्च करावा. झालेल्या खर्चाचा तपशील प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि फलकावर लावावा. घरकुल व इतर दारिद्र्य निर्मूलन योजनांमध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे पाच टक्के आरक्षण देऊन दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यावे."

ठराव वाचला, हात वर झाले, म्हणजे झालं असं समजू नका. इतिवृत्तात तो नेमका कसा उतरला ते त्याच आठवड्यात पाहा. "दिव्यांग निधीबाबत चर्चा झाली" असं लिहिलेलं असेल तर लगेच लेखी हरकत द्या. ठरावाची नक्कल मागून घ्या, पुढे सगळीकडे तीच लागणार आहे.

निवेदन लिहिताना

एका निवेदनात एकच मागणी, एकाच अधिकाऱ्याला. नऊ जणांना प्रती पाठवलेलं पत्र आठ जण दुसऱ्याचं समजतात. "आम्हा गोरगरीब दिव्यांगांवर दया करून" असली भाषा काढून टाका. ती वाचून साहेब सहानुभूती दाखवतात आणि पत्र फाईलला जातं. त्याऐवजी कोणतं कलम, किती लोक, काय हवं, कधीपर्यंत, एवढंच लिहा. नमुना देतो:

"विषय: ग्रामीण रुग्णालयात दिव्यांग तपासणी शिबिर घेण्याबाबत. महोदय, आमच्या तालुक्यातील ११ गावांत प्रमाणपत्राविना असलेल्या ६४ व्यक्तींची प्रकारनिहाय यादी सोबत जोडली आहे. यांपैकी २३ व्यक्तींना श्रवण तपासणीची आणि १७ व्यक्तींना बौद्धिक चाचणीची गरज आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ व त्याखालील नियमांनुसार प्रमाणपत्र मुदतीत मिळणे आवश्यक आहे. तरी संबंधित तज्ज्ञांसह शिबिराची तारीख १५ दिवसांत कळवावी."

आकडे अर्थातच तुमच्या यादीतले घाला. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर सरळ रजिस्टर पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यावर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. कंटाळवाणं काम आहे. पण पुढे आयुक्तांसमोर उभं राहाल तेव्हा तुमच्या हातात हेच कागद असतील.

उत्तर आलं नाही तर

इथे बहुतेकांची गाडी एकदम उपोषणावर जाते. त्याआधी कायद्यातच तक्रारीच्या पायऱ्या आहेत, त्या क्रमाने चढा.

कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. तुमच्या पंचायत समितीत किंवा नगरपरिषदेत तो कोण, हे लेखी विचारा. "असा कुणी नेमलेला नाही" हे उत्तर लेखी मिळालं तर तेच पुढच्या पायरीचं कारण होतं.

त्यानंतर कलम ७२ ची जिल्हास्तरीय समिती. ती कुणाच्या अध्यक्षतेखाली आहे, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आणि समाजकल्याण विभागात विचारा. समाधान झालं नाही तर राज्य आयुक्त. इथे कायद्याला दात आहेत. आयुक्तांना कलम ८२ प्रमाणे साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे, शपथपत्रावर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचं असतं. तक्रार साध्या कागदावर चालते. तारखा ओळीने लिहा, प्रत्येक तारखेपुढे सोबतच्या कागदाचा क्रमांक द्या. भाषण नको.

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो, पण जिल्हाधिकाऱ्यांसमोर त्या खात्याच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो सोडू नका.

कोर्टाची वेळ आलीच तर वकिलाच्या फीला घाबरायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मारहाण, जाहीर अपमान, दिव्यांग स्त्रीचा विनयभंग यांसाठी दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. अशा बाबतीत निवेदनं देत बसू नका, सरळ पोलीस ठाणं गाठा.

टेप घेऊन फिरा

सुलभतेची तपासणी हे मला सगळ्यात आवडणारं काम, कारण त्यात वाद घालायला जागाच उरत नाही. मोजायची टेप घ्या, एक व्हीलचेअर वापरणारा आणि एक अंध माणूस सोबत घ्या. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, शाळा, रेशन दुकान, एसटी स्टँड, बँक पाहून या. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे फूटभर उंची चढायला किमान बारा फूट लांबी. दारातून ९०० मिलिमीटर मोकळी वाट हवी. संडासात व्हीलचेअर वळायला दीड मीटर जागा हवी. आपल्याकडचे कितीतरी रॅम्प ठेकेदाराने बिल काढण्यासाठी बांधलेले असतात. उतार इतका उभा की वर ढकलायला दोघं आणि खाली येताना धरायला चौघं लागतात.

कलम ४५ प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुलभ करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी प्रकरणात सांगितलं की सुलभतेची मानकं ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, काही किमान मानकं बंधनकारकच हवीत. पत्रात या दोन्ही गोष्टी लिहा.

अजून एक युक्ती. मतदानाच्या दिवशी शाळेत लाकडी रॅम्प येतो, व्हीलचेअर येते, स्वयंसेवक येतात. दुसऱ्या दिवशी सगळं गायब. त्या दिवशी फोटो काढून ठेवा आणि नंतर मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा: मतदारासाठी एका दिवसाचा रॅम्प होतो, तर विद्यार्थ्यासाठी कायमचा का नाही?

शाळा, पालकत्व, पेन्शन

शाळेबाबत थोडक्यात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षकांचं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. गटसाधन केंद्रात जाऊन तालुक्यात अशी मुलं किती आणि विशेष शिक्षक किती, एवढंच विचारा. या दोन आकड्यांतली तफावत हीच तुमची मागणी.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की बँक खातं आणि मालमत्ता यांसाठी कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती ते देते. वीस-पंचवीस पालकांनी अर्ज एकत्र दिले तर समितीला बैठक लावावीच लागते.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारांवरून अडीच हजार झालं. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, इतरांसाठीची २१ हजारांची नाही. काही टेबलांवर दिव्यांगालाही २१ हजारांचीच मर्यादा सांगून परत पाठवतात, तेव्हा लेखी नकार मागा. बंद पडलेली पेन्शन बहुतेक वेळा आधार न जोडल्याने किंवा हयातीचा दाखला न दिल्याने थांबलेली असते. अशांची गावनिहाय यादी तहसीलच्या संजय गांधी शाखेत देऊन एका दिवसात सगळ्यांचे कागद पूर्ण करून घ्या.

कोण पुढे राहणार

गटाचं नेतृत्व दिव्यांग व्यक्तीकडे असावं, त्यातही निदान एक स्त्री असावी. अडखळत बोलणाऱ्या माणसाला साहेबांसमोर बोलू द्या, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. पक्षाचे झेंडे बैठकीत नकोत. आंदोलनाला माझा विरोध नाही. स्वतंत्र विभाग मिळाला त्यामागे बच्चू कडूंसारख्यांची रस्त्यावरची वर्षानुवर्षांची लढाई होतीच. पण आंदोलनाला जाताना हातात आवक क्रमांकांची फाईल असेल तर आश्वासनाऐवजी तारीख मागता येते. नेत्याने वाटपाचा कार्यक्रम ठेवला तर जरूर जा, फक्त साधन घेताना दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळणार हे माईकवर विचारा.

वर्षभराचा क्रम

एप्रिल-मे: मागच्या वर्षाच्या खर्चाचा माहिती अर्ज, १ मेच्या ग्रामसभेत हिशेबाचं वाचन. जून: शाळाप्रवेश, विशेष शिक्षकांचे आकडे. पावसाळ्यात घरोघर जाऊन यादी ताजी करा, शेतीच्या कामामुळे संध्याकाळीच लोक भेटतील. ऑगस्ट: प्रमाणपत्र शिबिराचं निवेदन. सप्टेंबर: दिव्यांगांची बैठक, खर्चाचे प्राधान्यक्रम. २ ऑक्टोबर: ठराव. नोव्हेंबर-डिसेंबर: अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आलं का ते पंचायत समितीत जाऊन पाहा. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात अधिकारी एकत्र सापडतात, तेव्हा सत्कार घेण्याऐवजी प्रलंबित पत्रांची यादी त्यांच्या हातात द्या. जानेवारीअखेर निधी खर्च झाला नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार आणि फेब्रुवारीत लोकशाही दिनाचा अर्ज. मार्चमध्ये खरेदी होत असेल तर दरपत्रकं आणि वस्तू प्रत्यक्ष पाहा, सारखीच वस्तू सगळ्यांना वाटत असतील तर वाटपाआधी हरकत द्या, नंतर दिलेल्या हरकतीवर काही होत नाही.